टायमिंग चेन नेमकी कधी बदलायची? किलोमीटर बघून ठरवू नका, आधी ऑइल आणि सकाळचा आवाज तपासा

कर्जत/खालापूर : "लाखभर किलोमीटर झाले ना, आता टायमिंग चेन टाकून घ्या," असं एक गॅरेजवाला सांगतो. दुसरा म्हणतो, "चेनला काय होतंय? इंजिन आहे तोवर चेन आहे." आपल्या दोन्ही तालुक्यांत हे रोज ऐकायला मिळतं. दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि त्या दोन अर्ध्यांच्या मधे गाडीवाला अडकतो. विनाकारण बदलली तर खिसा रिकामा. वेळेवर नाही बदलली आणि चेन सरकली, तर हेड उघडायची पाळी. ज्याची गाडी स्टेशनला शेअरिंगवर चालते आणि बँकेचा हप्ता त्याच गाडीतून निघतो, त्याच्या घरात महिनाभर चुलीपर्यंत झळ पोचते.

म्हणून हा विषय जरा निवांत समजून घेऊ. लेख मोठा आहे, सेव्ह करून ठेवा.

चेन करते काय?

इंजिनच्या खालच्या भागात क्रँक असतो, वर हेडमध्ये कॅम असतो. क्रँकमुळे पिस्टन खाली-वर होतो. कॅममुळे वॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच फेरा व्हायला हवा, म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्रापेक्षा दुप्पट दाते असतात. या दोघांचा मेळ सांभाळते ती टायमिंग चेन. ती इंजिनच्या आत, कव्हरच्या मागे, ऑइलमध्ये भिजत फिरत असते. बाहेरून दिसत नाही.

स्प्लेंडर वापरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोटारसायकलच्या इंजिनातून कटकट आवाज यायला लागला की मिस्त्री म्हणतो "टायमिंग चेन वाजतेय". तीच गोष्ट चारचाकीत आहे, फक्त मोठी आणि महागडी. मागच्या चाकाची चेन, म्हणजे आपण जिला चेन सेट म्हणतो, ती वेगळी. तिचा इथे संबंध नाही.

मेळ बिघडला की काय होतं? पिस्टन वर येतो तेव्हा वॉल्व्ह मिटलेला पाहिजे. चेन एक-दोन दाते सरकली तर वॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडा राहतो. गाडी ओढत नाही, सुरू व्हायला त्रास देते. जास्त सरकली किंवा तुटली तर बहुतेक आताच्या इंजिनांत पिस्टन थेट वॉल्व्हवर आदळतो. वॉल्व्ह वाकतात, पिस्टनला मार बसतो, कधी हेडही जातं. चेनचं काम आणि हेडचं काम यांच्या बिलात किती फरक पडतो, ते ज्यानं भरलंय त्याला विचारा.

आधी हे ओळखा : तुमच्या गाडीला चेन आहे की पट्टा?

इथेच निम्मे लोक गोंधळतात. काही गाड्यांना चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो, त्याला आपण पट्टा म्हणतो. पट्ट्याचा नियम सरळ आहे. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर किंवा वर्षं दिलेली असतात, त्यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचा. आवाजाची वाट बघायची नाही, कारण पट्टा बहुतेक वेळा न सांगता तुटतो. चेनला असा ठरलेला आकडा सहसा नसतो. ती झिजताना आवाज देते, खुणा देते, आणि त्या वाचाव्या लागतात.

आपल्याकडे रोज दिसणाऱ्या गाड्यांचं बघू. जुनी मारुती ८००, ओम्नी, अल्टो ८०० यांना पट्टा. अल्टो के१० ला चेन. नाव अल्टोच, पण आतलं वेगळं. वॅगन-आर, स्विफ्ट यांच्या 'के' मालिकेतल्या पेट्रोल इंजिनांना चेन. सँट्रो झिंगला पट्टा. आय१० घ्याल तर १.१ इंजिनला पट्टा आणि १.२ कप्पा इंजिनला चेन. जुन्या इंडिका डिझेलला पट्टा, इंडिका व्हिस्टाच्या क्वाड्राजेट डिझेलला चेन. जुन्या २.५ डिझेल इनोव्हाला पट्टा आहे, आणि त्याची वेळ झाली की मीटरमध्ये 'टी-बेल्ट' नावाचा दिवा लागतो. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेलला चेन.

ईकोवाल्यांनी जास्त लक्ष द्या, कारण कर्जत-नेरळ-खोपोलीत सगळ्यात जास्त धंदा याच गाडीवर चालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईकोचं इंजिन बदललं आणि 'के' मालिकेचं, चेनवालं इंजिन आलं. त्याआधीच्या ईकोचं इंजिन वेगळ्या घराण्याचं आहे. शेजारच्याची ईको आणि तुमची ईको बाहेरून सारखी दिसली तरी त्याचा सल्ला तुमच्या गाडीला लागू पडेल असं नाही. आरसी बुकावर तयार झाल्याचा महिना-वर्ष बघा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून घ्या.

ट्रॅक्टरवाल्यांना यात पडायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनात सहसा चेनही नसते आणि पट्टाही नसतो, थेट गिअरनं काम होतं.

चेन "लांबते" म्हणजे काय होतं?

लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते, ती पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींवर घासतात. प्रत्येक कडीत केसापेक्षा बारीक ढिलाई येते. समजा, चेनला १२० कड्या आहेत आणि प्रत्येक कडीत मिलिमीटरचे फक्त दोन शतांश भाग झीज झाली, तर सगळी मिळून २.४ मिलिमीटर होते. एवढ्यानं वॉल्व्हची वेळ मागे-पुढे व्हायला लागते.

ही ढिलाई भरून काढायला टेन्शनर असतो. तो चेनला बाजूनं दाबून धरतो, आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या दाबावर चालतो. चेन ज्यावरून घसरत जाते ते गाईड प्लॅस्टिकचे असतात. म्हणजे चेन, टेन्शनर आणि गाईड या तिघांचं आयुष्य एकाच गोष्टीवर टांगलेलं आहे : ऑइल. ते पुरेसं आहे का, स्वच्छ आहे का, वेळेवर बदललंय का. काळं, जाड झालेलं ऑइल पिनांमध्ये जाऊन पॉलिश पेपरसारखं घासतं. ऑइल कमी असेल तर टेन्शनरला दाब मिळत नाही आणि चेन सैल आपटत राहते.

माझ्या मते चेनच्या बाबतीत विचारायचा पहिला प्रश्न "किती किलोमीटर झाले?" हा नाही. "ऑइल कधी-कधी बदललं आणि त्याची बिलं आहेत का?" हा आहे. दर वेळी ऑइल बदललेली गाडी दोन लाखांवरही गप्प चालते. ऑइल लांबवलेली गाडी ऐंशी हजारांतच खडखडायला लागू शकते.

आपल्या भागात किलोमीटरचा काटा फसवतो

एक हिशोब मांडतो. एक गाडी एक्सप्रेसवेवरून मुंबई-पुणे करते, ताशी ८० च्या सरासरीनं. १०,००० किलोमीटरला तिचं इंजिन १२५ तास चाललं. दुसरी गाडी नेरळवरून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत भाडी मारते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ, वळणं, वर गर्दीत थांबणं, परत उतार. सरासरी ताशी २० धरली तरी त्याच १०,००० किलोमीटरला इंजिन ५०० तास चाललं. काट्यावर दोघी सारख्या, पण दुसरीची चेन चौपट वेळ फिरली, आणि तीही चढावर इंजिन ओरडत असताना.

उभी गाडी चालू ठेवली तर काटा अजिबात हलत नाही, चेन मात्र फिरतच असते. अमेरिकेत फोर्ड कंपनी आपल्या पोलीस गाड्या आणि मोठ्या पिकअपसाठी एक तास उभं चालू इंजिन म्हणजे २५ ते ३३ मैल धावणं असं धरते. आपल्या भाषेत ४० ते ५३ किलोमीटर. भाड्याची वाट बघत एसी लावून रोज तासभर गाडी चालू ठेवणाऱ्यानं वर्षाचा हिशोब स्वतःच करावा.

तिसरा प्रकार स्टेशनच्या गाड्यांचा. वेणगाव, दहिवली किंवा आजूबाजूच्या गावातून गाडी काढायची, थोड्याच अंतरावर कर्जत स्टेशनला लावायची, लोकल पकडून मुंबईला जायचं आणि रात्री परत. या गाड्यांचे किलोमीटर फार कमी. मालकाला वाटतं, गाडी नवी कोरीच आहे. पण इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद होतं. त्यात तयार झालेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ पडतं. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत तर विचारू नका. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर भरण्याची वाट न बघता महिन्यांवर बदलायला हवं. मी तर सहा महिने सांगेन.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात मागच्या पानांवर "कठीण वापर" असा वेगळा तक्ता असतो. धूळ, घाट, छोट्या फेऱ्या, सतत भरलेली गाडी यात ऑइल लवकर बदला असं त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता कोणी वाचत नाही. आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक गाडी त्याच तक्त्यात बसते : खडीच्या डंपरची धूळ, बोरघाट, माथेरानचा चढ, आठ माणसं भरलेली ईको.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास सूचना. सीएनजीवर ऑइल काळं पडत नाही, बरेच दिवस मधासारखं दिसतं. मग मालक म्हणतो "अजून चांगलं आहे, राहू दे". रंगावर जाऊ नका. ऑइलमधली झीज थांबवणारी रसायनं रंग न बदलताही संपतात.

१.३ डिझेलची गोष्ट

टायमिंग चेनचा विषय निघाला आणि १.३ डिझेलचं नाव आलं नाही असं होत नाही. १२४८ सीसीचं हे इंजिन मूळ फियाटचं. जानेवारी २००७ मध्ये ते स्विफ्ट डिझेलमध्ये आलं. मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटच्या स्वतःच्या गाड्या, सगळीकडे तेच. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार व्हायचं. एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम आले आणि मारुतीनं डिझेल बंद केलं. म्हणजे आज रस्त्यावरची या इंजिनची मारुती कमीत कमी त्या काळातली आहे आणि बरीच फिरलेली आहे. कित्येक मुंबई-पुण्यात टॅक्सी म्हणून पळून आता आपल्या गावात "एक हात मालक" म्हणून आल्यात.

इंजिन मजबूत आहे, ॲव्हरेज तर विचारायलाच नको. पण यात ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. म्हणजे ऑइल खालच्या खुणेवर आलं की तिसरा हिस्सा गेला. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते ती वेगळीच. ऑइल लांबवलेल्या १.३ ची चेन लवकर ढिली होते, हे मिस्त्री लोकांना पाठ आहे. या गाडीवाल्यानं दर पंधरवड्याला डिपस्टिक काढून बघितली तरी निम्मं काम झालं. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.

सकाळचा आवाज : घरच्या घरी तपासणी

रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरतं. सकाळी पहिला सेल्फ मारला की दाब तयार व्हायला क्षणभर लागतो. चेन झिजलेली असेल तर त्या क्षणात ती कव्हरच्या आत आपटते. डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखड आवाज येतो. म्हणून तपासणी फक्त सकाळी, थंड इंजिनवर. गॅरेजला गाडी नेईपर्यंत इंजिन गरम होतं आणि आवाज गायब. मिस्त्री म्हणतो "काही नाही". तोही खोटं बोलत नसतो.

असं करा. बोनेट उघडा. एसी आणि अल्टरनेटरचा पट्टा ज्या बाजूला आहे, बहुतेक गाड्यांत चेनही त्याच बाजूला आत असते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. ओढणी, गमछा, सैल बाह्या पट्ट्यापासून लांब ठेवा. त्याच व्हिडिओत किलोमीटरचा काटाही घ्या. दर महिन्याला त्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून असाच व्हिडिओ काढा. चार-सहा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा लागोपाठ ऐका. आवाज हळूहळू वाढला की रोज ऐकणाऱ्या कानाला कळत नाही, व्हिडिओला कळतो. मिस्त्रीला दाखवायलाही पुरावा राहतो.

आता आवाजाचा अर्थ. एखाद्या सकाळी सेकंदभर खडखड आली आणि थांबली, तर घाबरू नका. ऑइल बघा, बदलायला आलं असेल तर फिल्टरसकट बदला आणि लक्ष ठेवा. पुष्कळदा आवाज तिथेच संपतो. रोज सकाळी दोन-तीन सेकंद किंवा जास्त आवाज येत असेल, ऑइल बदलूनही कायम असेल, तर चांगल्या मिस्त्रीकडून तपासणी करून घ्या. त्याच महिन्यात, पुढच्या दिवाळीला नाही. आणि इंजिन गरम झाल्यावरही खडखड चालूच असेल, ॲक्सिलरेटर थोडा दाबल्यावर वाढत असेल, तर गाडी घाटात नेऊ नका. लांबचं भाडं सोडा. चेन बदलायची वेळ आली आहे किंवा होऊन गेली आहे.

प्रत्येक खडखड चेनची नसते, हेही खरं. सायलेन्सरवरचा ढिला पत्रा तसाच वाजतो. टॅपेट वाजतात, पण त्यांचा आवाज टिकटिक आणि एकसारखा असतो. पाण्याच्या पंपाचं किंवा पट्ट्याच्या पुलीचं बेअरिंग गेलं तर घरघर येते. जाणता मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरला आणि मूठ कानाला लावून जागा सांगतो. नुसतं लांबून ऐकून "चेनच आहे" म्हणणाऱ्याला एकदा स्क्रू-ड्रायव्हर लावायला सांगा.

घट्ट ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकून आवाज दाबायच्या फंदात पडू नका. आवाज थोडे दिवस बसतो, झीज बसत नाही. उलट जाड ऑइल सकाळी टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं.

इंजिनचा दिवा लागला तर

चेन ढिली झाली की क्रँक आणि कॅमचे सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. मीटरमध्ये पिवळा इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की बऱ्याचदा 'पी ००१६' हा कोड दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये. चेन गेली असा त्याचा थेट अर्थ नाही. ऑइल कमी असेल, वॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारा ऑइलचा छोटा वॉल्व्ह चोंदला असेल, सेन्सर किंवा त्याची वायर खराब असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. 'पी ०३४०' आला तर आधी कॅम सेन्सर आणि वायर बघायची.

वायरवरून आठवलं. भात घरात आलं की उंदीर बोनेटमध्ये मुक्कामाला येतात. आपल्याकडे ओटीला लावलेल्या गाडीची वायर कुरतडलेली सापडणं काही नवीन नाही. पाचशे रुपयांच्या वायरीसाठी चेनचं बिल भरू नका. उलट, ऑइल नीट आहे, वायर नीट आहे, सेन्सर बदलून झाला, सकाळी खडखड आहे आणि कोड पुसला तरी पुन्हा येतोय, एवढं सगळं जमून आलं तर चेनच समजा.

पक्कं करायचे दोन मार्ग आहेत. ज्या गाडीत सोय आहे तिथे स्कॅनरवर क्रँक-कॅमचा फरक अंशांत दिसतो, तो कंपनीच्या मर्यादेशी ताडता येतो. नाहीतर वरचं कव्हर उघडून चेनची ढिलाई आणि टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते बघायचं. दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आला असेल तर त्याच्याकडे आता दाबायला जागाच उरली नाही. मग किलोमीटर कितीही असोत.

आणि काहीही आवाज नाही, दिवा नाही, ऑइलची बिलं हातात आहेत, तर केवळ लाख किलोमीटर झाले म्हणून चेन बदलायचं मला कारण दिसत नाही. अपवाद एकच : दुसऱ्या कामासाठी टायमिंगचं कव्हर उघडावंच लागणार असेल आणि गाडी दीड-दोन लाखांच्या पुढे असेल, तर त्याच मजुरीत चेनचं काम उरकून घ्या. टॅक्सी पासिंगच्या गाडीला फिटनेससाठी तशीही दोन-चार दिवस उभी ठेवतो, तेव्हा तपासणी करून घेतली तर भाडं बुडत नाही.

बदलायचं ठरलं तर हे बोलून घ्या

नुसती चेन टाकून पैसे वाचवायला जाऊ नका. जुन्या चक्रांचे दाते जुन्या चेनच्या मापानं झिजलेले असतात, ते नव्या चेनला लवकर खातात. पूर्ण किट घ्या : चेन, टेन्शनर, गाईड आणि चक्रं. सोबत क्रँकचं पुढचं ऑइल सील, कव्हरचं पॅकिंग किंवा सीलंट, कंपनीनं एकदाच वापरायचे सांगितलेले बोल्ट, नवीन ऑइल आणि फिल्टर. गाईडचे तुकडे पडले असतील तर ते ऑइल चेंबरच्या तळाशी जाऊन जाळी बुजवतात. चेंबर उतरवून जाळी साफ केली नाही तर नवी चेनही उपाशी राहील.

मिस्त्रीला विचारा की हे इंजिन आधी केलंय का आणि टायमिंग लॉक करायची टूल्स आहेत का. काही इंजिनांत नुसत्या खुणा डोळ्यानं जुळवून चालत नाही, क्रँक आणि कॅम पिनेनं लॉक करावे लागतात. १.३ डिझेल त्यातलंच. टूल नसलेल्याकडे हे काम देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. काम झाल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक हातानं, पान्यानं दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. कुठे अडकलं तर तिथेच थांबायचं. सेल्फ अडकत नाही, तो वॉल्व्ह वाकवून पुढे जातो.

जुनी चेन मागून घ्या. नवी आणि जुनी आडवी धरून बघितली तर जुनी बाजूला जास्त वाकते. बदलायची खरंच गरज होती का, ते तुमचं तुम्हाला दिसेल.

दर दोन ठिकाणी विचारा, पण सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. एकाचा आकडा कमी दिसतो तेव्हा त्यात बहुधा टेन्शनर किंवा चक्रं धरलेली नसतात.

चालता चालता गाडी बंद पडली तर

गाडी अचानक बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा भरभर, रिकामं रिकामं फिरतंय असं वाटलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. दाब तयार होत नाहीये, म्हणजे चेन किंवा पट्टा गेला असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे लगेच चार पोरं जमतात आणि "धक्का मारू" म्हणतात. हात जोडा आणि नको म्हणा. धक्का मारून गिअर टाकला की उरलेले वॉल्व्हही वाकतात. गाडी न्यूट्रलमध्ये बाजूला घ्या आणि ओढून न्या. एक्सप्रेसवेवर असाल तर माणसं आधी गाडीतून उतरवून कठड्याच्या बाहेर उभी करा, इंजिनचं नंतर बघा.

चढावर गाडी लावताना आधी हँडब्रेक पूर्ण ओढा, मग गिअरमध्ये टाका. नुसत्या गिअरवर सोडलेली गाडी मागे ढकलली गेली तर इंजिन उलटं फिरतं, आणि ऑइलचा दाब नसलेल्या टेन्शनरवर काही इंजिनांत चेन दाता सोडते. दस्तुरी नाक्याच्या उतारावर गाड्या लावणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावी.

जुनी गाडी घेताना

सकाळी लवकर जा, आणि मालकाला आधीच सांगा की मी आल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर "सहज एक राउंड मारला" हे उत्तर ऐकून परत या, दुसऱ्या दिवशी जा. डिपस्टिक काढून ऑइल बघा. खालच्या खुणेवर असेल तर त्या मालकानं गाडी कशी वापरली ते कळलं. दुधी, फेसाळ असेल तर पाणी मिसळलंय, मग पुढची बोलणीच नको. सर्व्हिसची बिलं मागा आणि तारखांमधलं अंतर मोजा. चेन वाजत असेल तरी गाडी सोडलीच पाहिजे असं नाही. किटचा आणि मजुरीचा लेखी दर आणा आणि तेवढी रक्कम किमतीतून उतरवून मागा. आणि काम झाल्याशिवाय ती गाडी घाट चढवू नका.

फार जुनी गाडी असेल आणि चेन तुटून हेडही गेलं असेल, तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीला भिडतो. तेव्हा लोक मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवतात. स्वस्त पडतं, पण त्या इंजिनची चेन कोणत्या हालतीत आहे ते गाडीत बसवायच्या आधीच कव्हर काढून बघून घ्या, कारण खाली ठेवलेल्या इंजिनवर ते काम सोपं असतं. इंजिन कुठून आलं त्याचं पक्कं बिल घ्या. इंजिन नंबर बदलला की त्याची नोंद आरटीओत करून आरसीवर चढवावी लागते. गाडी ज्या आरटीओच्या नोंदीत आहे तिथे ते बिल दाखवावं लागेल. नंबर जुळला नाही तर पासिंगला, विकताना आणि विम्याच्या दाव्यात अडचण येते.